हिरामणची बसकी

हिरामणचा जन्म कधी झाला हे हरिभाऊंना माहीत नाही. शाळेच्या रजिस्टरात एक जून अशी तारीख होती आणि हरिभाऊंनीच ती आपल्या हाताने दाखल्यावर उतरवून दिली होती. पण ज्या पोराच्या आईबापाला तारीख सांगता यायची नाही, त्या प्रत्येकाला तेव्हाचे गुरुजी एक जूनलाच जन्माला घालायचे. तेव्हा ती तारीख गुरुजींची, हिरामणची नव्हे. त्याला गोड आवडायचं की तिखट, रात्री झोप लागायची की नाही, तो कधी एकटा रडला का, यातलं काहीही हरिभाऊंना सांगता येणार नाही. दोन वर्षं, पावसाळा सोडला तर जवळजवळ प्रत्येक रविवारी, ते त्याच्या डाव्या हाताला एका गाडीत बसले. त्यामुळे त्यांनी हिरामण पाहिला तो डावीकडून. कानाच्या पाळीला लहानपणी टोचलेलं भोक, त्याखाली पांढरे खुंट आणि गिअर टाकताना आवळला जाणारा जबडा. उजवी बाजू कशी होती ते आठवायला बसलं की गोंधळ होतो.

हरिभाऊ भिवंडीतल्या एका शाळेत लेखनिक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. खाली लूमचा कारखाना, त्यामुळे घरातली भांडी दिवसभर हलकी थरथरत असतात. त्यांच्या पत्नी सुमतीबाई पुण्याला मुलाकडे, सुश्रुतकडे, नातवाला सांभाळायला गेल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला आता चार वर्षं होतील. रोज संध्याकाळी फोन येतो. "जेवलात का?" "जेवलो." "गोळी घेतलीत?" "घेतली." भांडण काही नाही. असंच झालं.

हिरामण काल्हेरचा. बाप खाडीतली रेती काढायचा. हिरामणनेही पंधरा-वीस वर्षं होडीवर काढली. पुढे शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं यायला लागलं आणि होडी अंगणात पालथी पडली. त्याला पासपोर्टसाठी शाळेचा दाखला हवा होता, तेव्हा तो पहिल्यांदा हरिभाऊंच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. दाखला हातात पडल्यावर म्हणाला, "लई उपकार झाले, मास्तर."

"मास्तर नाही हो मी. क्लार्क आहे."

"शालेत बसता ना? मग मास्तरच."

ते नाव शेवटपर्यंत चिकटलं. पासपोर्टवर हिरामण कुठे गेला का, हे विचारायचं राहून गेलं.

सात वर्षांपूर्वी त्याने ती गाडी घेतली. जुनीच, पण परदेशी, स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, गडद निळा रंग. जमिनीला इतकी लागून की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसू नये. गावात बंगल्यागणिक मोठाल्या गाड्या आहेत, पण त्या सगळ्या उंच, दहा माणसं कोंबून एकवीरेला नेता येतील अशा. हिच्यात कोणी मावेना. हिरामणच्या बायकोने, हौसाबाईने, पहिल्या दिवशीच हिला नाव ठेवलं, "बसकी." तेच गावभर झालं. हळदीच्या दिवशी नवरदेवाला बसवायला बसकी मागायला लोक येत. हिरामण देई, पण चालवायला स्वतः बसे. मग नवऱ्याशेजारी करवलीला जागा उरत नसे आणि रुसवेफुगवे होत.

पण खरी अडचण निराळी होती. हिरामण पंचायतीत सदस्य होता तेव्हा गोदामांचे कंटेनर गावातून सुसाट जायचे. त्याची आई रंगूबाई एकदा धक्का लागून पडली आणि कायमची लंगडली. त्या रागात हिरामणने आपल्या दारासमोर उभं राहून गतिरोधक घालून घेतला. ठेकेदार म्हणाला, शेठ, एवढा उंच चालत नाही. हिरामण म्हणाला, "घाल. बघतो मी." त्याचं बघून पुढच्या घरवाल्यांनीही आपापल्या दारासमोर उंचवटे घातले. हायवेला लागेपर्यंत सात. आणि बसकीचं पोट पहिल्याच उंचवट्यावर, हिरामणच्या स्वतःच्या, खर्रकन घासलं. गाव हसून हसून लोळला.

त्यावर त्याने उपाय काढला. बापाच्या पालथ्या होडीच्या दोन फळ्या उपसल्या. उंचवट्याच्या अलीकडे त्या तिरप्या लावायच्या, चाकं त्यांच्यावरून चढवायची, मग पलीकडे लावून उतरवायची. फळ्या डिकीत मावत नसत, म्हणून शेजारी बसणाऱ्याने त्या पायांमध्ये उभ्या धरायच्या. म्हणजे बसकी गावाबाहेर काढायची तर माणसं दोन लागत. हौसाबाई लुगड्याचा काष्टा आवळून सात वेळा उतरायची आणि सात वेळा बसायची. थोरला मुलगा कुणाल आईला म्हणायचा, "आई, मी एका दिवसात फोडून टाकतो ना तो आपल्या दारातला!" त्यावर ती म्हणे, "राहू दे. तेवढेच पाय मोकले होतात."

हौसाबाई तापाचं निमित्त होऊन गेली. हरिभाऊ भेटायला गेले, ते दहाव्यानंतर. असल्या प्रसंगी काय बोलावं ते त्यांना कधीच सुचलेलं नाही. हिरामण अंगणात गाडीपाशी उभा होता. गाडीवर ताडपत्री, तिच्यावर वाळलेली आंब्याची पानं. हिरामणने त्यातली दोन-चार झटकली. मग हिरामणने विचारलं, "मास्तर, रविवारचे काय करता?"

"काही नाही."

"फल्या उचलाल?"

हरिभाऊ हो म्हणाले. त्यांना वाटलं, दुःखातला माणूस आहे, एखाद्या रविवारचा प्रश्न आहे.

पहिल्या दिवशी त्यांना गाडीत बसताच येईना. आधी टेकायचं की आधी पाय घालायचा, यातच पाच मिनिटं गेली. हिरामण म्हणाला, "मोरीत बसल्यासारखे बसा, आपोआप जमल." तसं जमलं. बाहेर पडताना मात्र हिरामणला येऊन हात द्यावा लागला. गुडघे दोघांचेही वाजले.

रविवारी सहाला निघायचं. सात उंचवटे पार करायला अर्धा तास. हरिभाऊ उतरायचे, फळ्या लावायचे, हात करायचे, "या, या, या, बस!" शाळेत आयुष्यभर त्यांनी कोणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. इथे मात्र रस्त्यात उभं राहून ओरडत. ओट्यावर दात घासत बसलेली पुतळाबाई म्हणायची, "कंडक्टर, तिकीट द्या की!" पहिले काही रविवार त्यांना लाज वाटली. नंतर एकदा पुतळाबाई दिसली नाही तर चुकल्यासारखं झालं.

मग माणकोलीवरून हायवे, वडप्यावरून पुढे पडघ्यापाशी चहा आणि परत. एवढीच फेरी. हिरामण त्या गाडीबद्दल बोलायचा तेवढा दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नसे. क्लच रेतीच्या बादलीसारखा जड आहे. एसी फक्त गुडघ्यांना लागतो, डोकं तापलेलंच. हॉर्नचा आवाज लाजाळू, ट्रकवाले ऐकतच नाहीत. वायरी उंदरांना फार आवडतात, तीनदा कुरतडल्या. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली असते, पण दर गुरुवारी दहा मिनिटं चालू करायची, नाहीतर रुसते. सात वर्षांत तिने चौदा हजार किलोमीटरसुद्धा पुरे केले नाहीत. मिस्त्री ठाण्याहून येतो आणि प्रत्येक वेळी म्हणतो, काका, हिला पळवा, ही उभी राहून बिघडते.

"मग पळवत का नाही?" हरिभाऊंनी एकदा विचारलं. तेव्हा ती ऐंशीने चालली होती आणि एक टेम्पो त्यांना मागे टाकून गेला होता. टेम्पोतला माणूस मान वळवून बघत राहिला, एवढी गाडी आणि ही चाल!

"पलवायला न्हाय घेतली."

"मग?"

हिरामणने गिअर बदलला. मग म्हणाला, "होडी भरली का पानी काठाला येतं. चार बोटं उरतात. आपुन खाली आन जग वर. पूल वर, बगले वर, मानसंपन वर. घरात सोफ्यावर बसलो का तसा न्हाय दिसत. हिच्यात बसलो का दिसतं."

हरिभाऊंनी बाहेर पाहिलं. शेजारून कंटेनर चालला होता. त्याची चाकं त्यांच्या डोक्याच्या वर फिरत होती. बोल्ट, ग्रीस, चिखलाची झापड, त्यावर लावलेली काळी बाहुली. चाळीस वर्षं ते या रस्त्याने आले-गेले होते, पण हा रस्ता त्यांनी असा खालून पाहिलेला नव्हता. घरी गेल्यावर हे सुमतीबाईंना फोनवर सांगावं असं त्यांना वाटलं. पण तिकडून पहिलाच प्रश्न आला, "गोळी घेतलीत?" आणि ते राहिलं.

दुसऱ्याच रविवारी हिरामण म्हणाला होता, "मास्तर, डावीकडं कोन आला का बोलत ऱ्हा." हरिभाऊंना वाटलं, त्याची गाडी चालवायची रीत असेल. ते बोलू लागले. "रिक्षा." "सायकल." "कुत्रं आहे, थांबा." पुढे एकदा पडघ्याला टपरीपाशी गाडीत बसल्या-बसल्या त्यांनी हिरामणला चहाचा कप पुढे केला. हिरामण समोर बघत राहिला. कप त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, वाफा निघताहेत आणि त्याला पत्ताच नाही. हरिभाऊंनी हात तसाच ठेवला. मग हळूच पुढे सरकवला. कप नाकासमोर आल्यावर हिरामण दचकला आणि म्हणाला, "आयला, आला पन चा?"

त्या दिवशी हरिभाऊंना कळलं. त्यांच्या वडिलांना काचबिंदू होता, कडेने नजर कशी विझत येते ते त्यांनी घरात पाहिलं होतं. हिरामणला नक्की काय झालं होतं ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. हौसाबाई त्या सीटवर बसून काय काय करत असेल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं. आपल्यालाच का बसवलं, हेही आलं असावं. न बोलणारा माणूस हवा होता.

हे कळल्यावर दुसरा कोणी लगेच बोलला असता. हरिभाऊ दीड वर्ष गप्प बसले. खोटं कशाला सांगायचं, त्यांना रविवार हवा होता. सोमवारपासून ते पुढच्या रविवारची वाट बघत. शर्टाला इस्त्री करत. आपण शेजारी आहोत, आपण सांगतो, तो ऐकतो, दोघांचे मिळून चार डोळे आहेत, असं ते मनाला समजावत. लायसन्सची मुदत अजून तीन वर्षं होती. तोही आधार वाटे.

त्यात वडप्याच्या पुढे, आमने गावापासून नवा महामार्ग सुरू झाला. हिरामण लहान पोरासारखा हरखला. उंचवटे नाहीत, खड्डे नाहीत, माणूस नाही, गुरं नाहीत. पहिल्या दिवशी तिथे बसकीने एकशे दहा गाठले आणि तिचा आवाजच पालटला, घशातला कफ जाऊन माणूस गायला लागावा तसा. हिरामणच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. उजव्याचं हरिभाऊंना दिसलं नाही. "सात वर्सांनी हिला रस्ता मिलला, मास्तर," तो म्हणाला. "आता दर रविवारी इकरंच."

पण त्या रस्त्यापर्यंत पोचायला वडप्याचा नाका ओलांडावा लागतो. यंदाच्या जानेवारीतला रविवार. गोदामाची रात्रपाळी सुटली होती. चकचकीत पट्ट्यांची जॅकेटं घातलेल्या बायका घोळक्याने रस्ता ओलांडत होत्या. हरिभाऊंच्या पायातली फळी घसरली म्हणून ते वाकले. मान वर केली तेव्हा काचेसमोर, डाव्या अंगाला, एक बाई होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. गाडी थांबली ती त्या बाईने बॉनेटवर दोन्ही हात आपटल्यावर. तिचा डबा पडला, भात रस्त्यावर सांडला.

"अंधे हो क्या, चाचा?" ती ओरडली. पंचविशीची असेल. बाकीच्या बायकांनी तिला ओढून नेलं.

हिरामण स्टिअरिंगला धरून बसून राहिला. मागचे हॉर्न वाजवत होते. मग हसल्यासारखं करून म्हणाला, "बराबर बोल्ली."

हरिभाऊंनी उतरून डबा उचलला, पण बाई तोवर गर्दीत गेली होती. डबा मांडीवर घेऊन ते परत बसले.

"तुमी बोल्ला न्हाय, मास्तर," हिरामण थोड्या वेळाने म्हणाला. रागाने नव्हे.

"खाली बघत होतो. फळी घसरली."

"हं." मग नाका मागे पडल्यावर, "पुढच्या रविवारी लवकर निघू. पाली सुटायच्या आधी."

हरिभाऊंनी तो डबा घरी नेऊन घासला. स्टीलचा, झाकणाला पोचा. सोमवार, मंगळवार तो ओट्यावर पालथा होता. हिरामणला काय सांगायचं ते त्यांनी कागदावर लिहूनही पाहिलं. 'आता पुरे करू या' असं लिहिलं, खोडलं. 'तुम्हाला दिसत नाही' असं लिहिलं, तेही खोडलं. त्याच्या तोंडावर बोलणं आपल्याने होणार नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. आणि बोललो नाही तर पुढच्या रविवारी सहाला आपण पुन्हा त्या सीटवर जाऊन बसू, हेही कळत होतं. बुधवारी ते वडप्याला, कुणालच्या गोदामाच्या ऑफिसात गेले.

कुणालने चहा मागवला. "बोला काका. बाबांनी पाठवलं का?"

"नाही. मीच आलो." चहा संपला. कुणालचे दोन फोन होऊन गेले. मग हरिभाऊ टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाले, "बाबांना डावीकडचं दिसत नाही."

कुणालने फोन पालथा ठेवला. "कधीपासून?"

"मला कळलं त्याला दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष?" तो हळू आवाजातच म्हणाला. "आणि तुम्ही बसत होता? तुम्ही, शिकलेला माणूस?"

हरिभाऊंनी रिकामा कप बाजूला सरकवला. कुणाल पुढे काही कठोर बोलला नाही. खाली जिन्यापर्यंत सोडायलाही आला. पण हरिभाऊ घरी चालत गेले, वडप्यापासून धामणकर नाक्यापर्यंत, एवढ्या उन्हाचे. रिक्षा करायचं त्यांना सुचलंच नाही.

बसकी त्याच आठवड्यात गेली. ही हकीगत कुणालच्या बायकोने, दिपालीने, फोनवर सांगितली. ती विकत घेणाऱ्या ठाण्याच्या माणसांनी ती दारातच मोठ्या गाडीवर चढवली. हिरामण ओट्यावर बसून होता. किल्ली त्याने स्वतः दिली आणि एवढंच म्हणाला, "गुरुवारचे दहा मिन्टं चालू करा." डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गेलेली नजर येणार नाही, आहे ती थेंब घालून राखायची. "बाबांना ठाऊक आहे, तुम्ही सांगितलंत ते," दिपाली म्हणाली. "आमच्यातून कोणी नाही बोललं. पण तुमच्याशिवाय तिथे बसायचं कोण?"

त्यानंतर तीन महिने हरिभाऊ काल्हेरला गेले नाहीत. रविवारी सहाला जाग यायची. उठून ते गॅलरीत उभे राहायचे. रविवारी खालचे लूम बंद, भांडीसुद्धा हलायची नाहीत. सुमतीबाईंना हे सगळं सांगावं असं एकदा ठरवलं. त्या म्हणाल्या, "कुठली गाडी?" तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षांत आपण हिला काहीच सांगितलेलं नाही. "काही नाही, एकाची होती," असं म्हणून त्यांनी नातवाची चौकशी केली.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ते उठले आणि गेले. का ते सांगता येत नाही. माफी मागायची की नाही, रस्ताभर ठरत नव्हतं. हिरामण ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, बारीक झालेला. हरिभाऊ सवयीने त्याच्या डाव्या हाताला जाऊन स्टुलावर टेकले. हिरामण समोरच बघत म्हणाला, "मास्तर ना?"

"हो."

"तिकरं नका बसू. इकरं या उजवीकडं. तिकरं मना दिसत न्हाय."

दोन वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला. हरिभाऊंनी स्टूल उचललं आणि पलीकडे नेऊन ठेवलं. मग तासभर दोघं बसले. पाण्याचा टँकर आला नाही, त्यावर बोलले. पुतळाबाईच्या नातवाच्या लग्नावर बोलले. गाडीचा विषय निघाला नाही. तीन महिने मनात घोळवलेलं हरिभाऊंच्या जिभेवर आलं आणि गेलं, आलं आणि गेलं. हिरामणने क्षमा केली होती की विषयच टाकून दिला होता, हे त्यांना तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पुढच्या वेळी विचारू, असं म्हणून ते उठले. पुढची वेळ आली नाही. शनिवारी दुपारी जेवून आडवा झालेला हिरामण उठलाच नाही. तेव्हा त्या दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते गुरुवारी, ओट्याच्या पायरीपाशी, चपला घालता घालता.

"सोमवारचे येता का?" हिरामण म्हणाला.

"येतो."

"मग येताना नाक्यावरना कडक पाव आना. इकरचा मऊ असतो, चात विरघलतो."

"किती आणू?"

"आना चार. तुमी पन खाल ना."

"खाईन की."